सेलेस्तीनचा रोस आणि मधली एडिशन

आमच्या सेलेस्तीनचं लग्न एका सॉफ्टवेअरपायी अडलं होतं असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा. ते लग्न पार पडेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले, ते मलाच माहीत. नवरा तयार, नवरी तयार, पाद्री तयार, हॉल ठरलेला. अडलं कुठे, तर नवरी गेल्यावर कारखान्यातले कागद कोणाला सापडणार, इथे.

मालवणहून कट्टा गावाकडे येताना रस्त्याला लागून आमचा काजूचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन शेड, एक बॉयलर, बी फोडणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या बायका आणि पुढच्या अंगाला ऑफिस. मालक आमचे हे, हरिश्चंद्र. शेडमध्ये राज्य माझं. मी फार ओरडते असं सगळे म्हणतात. ओरडले नाही तर अख्खा गर आणि फुटकी पाकळी एकाच पिंपात जाते, हे मात्र कोणी म्हणत नाही. मला सगळे वैनी म्हणतात, वयाने मोठे आहेत तेसुद्धा.

ऑफिस सेलेस्तीन लोबोचं. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्याच सीझनला ती कामाला लागली. तेव्हा दोन वेण्या होत्या, आता पन्नाशी उलटली. गळ्यात दोरीला चष्मा, कानात बारीक रिंगा, आणि कागद शोधताना ओठांत चर्चमधलं गाणं. गाणं थांबलं की समजायचं, कागद मिळाला. सरकारी परवाने, बँकेचे कागद, मालाचे तपासणी अहवाल, ट्रकच्या पावत्या, सगळं तीन लोखंडी कपाटांत, आणि कपाटांचा नकाशा तिच्या डोक्यात.

फायलींवर नंबर नाही, तारीख नाही. नावं बघा: ‘पत्रे उडाले तेव्हा’. ‘पुण्याचो रागीट’. ‘मुंजीआधीचे’. ही मुंज आमच्या मुलाची, जो आता स्वतः दाढी करतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय हा अडाणीपणा. पण आमच्याकडे कागद नावाने मागतो कोण? हे आतून हाक मारणार, “सेलेस्तीन, पत्रे उडालले तेव्हा तो साहेब येवन गेलो मा, तेचो कागद.” मग ती फायलीवर दुसरं काय लिहिणार? आम्ही जसं मागत गेलो तसं ती लावत गेली, आणि इतकी वर्षं एक कागद हरवला नाही.

तिचं लग्न राहून गेलं होतं. आई आजारी, धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न. तिने कधी तक्रार केली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. मग एका नाताळाच्या आधी प्लासिद आला. गोव्याच्या हद्दीवरच्या आरोंद्याचा. सगळा जन्म बोटीवर आचारी म्हणून गेला, तारवटी माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, आता घरी येऊन खाडीकाठची माडाची बाग बघत होता. दोदोल, ती नाताळातली गुळाची मिठाई, करायला काजूचे तुकडे हवे होते, ते न्यायला आला. सेलेस्तीनने बिल लिहून दिलं. पंधरवड्याने परत आला, म्हणे बिल हरवलं, प्रत मिळेल का? तिने काढून दिली. महिन्याने परत तेच. मी शेडच्या दारातून बघत होते. काजूच्या तुकड्याचं बिल जपून ठेवणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि ते पुन्हापुन्हा हरवणारा तर नाहीच.

“गो, तेका बिल नको,” मी तिला म्हटलं.

“माका कळता, वैनी,” ती म्हणाली. “पण मागता तर देवक नको?”

अशी ती. शेवटी त्याने सरळ विचारलं आणि तिने सरळ हो म्हटलं. मला झालेला आनंद मी लपवला नाही, शेडमधल्या प्रत्येक बाईच्या तोंडात मी स्वतः खडीसाखर घातली. पण तारीख ठरेना. एकदा सीझन आडवा आला. एकदा माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी आली. दोन्ही वेळा सेलेस्तीनच म्हणाली, पुढे ढकलूया. आरोंद्याहून रोज ये-जा करणं काही शक्य नव्हतं. लग्न म्हणजे नोकरी सोडणंच. आणि नोकरी सोडायची तर तिची अट एकच.

“माझ्याशिवाय कागद गावतत, ह्या माका एकदा माझ्या डोळ्यांनी बघू देत. मगे मी जातंय.”

यंदा पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतरची, मे महिन्यातली तारीख प्लासिदने पाद्रींकडून घेतली आणि तो मला फाटकाशी भेटला. एरवी हा माणूस हसल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी हसला नाही.

“वैनी, ह्या खेपेक नाय झाला तर मी परत विचारूचंय नाय. राग नाय माझो. पण माणसान दारात किती दिवस उभ्या रवाचा?”

खरं सांगायचं तर सेलेस्तीन जाऊ नये असं मला आतून वाटत होतं. दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्र खात आलो. माझ्या ओरडण्याला हसणारी ती एकटीच. पण म्हणून तिने आमच्या कपाटांशी संसार करायचा? मी त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं, काय करायचं ते करा, पण कागद शोधायची सोय करा, नाहीतर मी स्वतः कपाटं उचलून आरोंद्याला पोचवते.

हे कुडाळला गेले आणि ओमकारला घेऊन आले. ओमकार कुडाळात कंप्युटरचं दुकान चालवतो. मुलगा चांगला, बोलायला मऊ. गिऱ्हाइकाशी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणार. त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि समजावलं. सगळे कागद स्कॅन करून आत ठेवायचे, मग हवा तो शोधायचा. सॉफ्टवेअर एकच, पण एडिशन तीन. लहान एडिशन एका माणसाची: एकाच्या नावावर, त्याच्याच फोनशी जोडलेली, आणि कागद ज्या नावाने ठेवला त्याच नावाने सापडणार. मधली पाच माणसांची: प्रत्येकाचं नाव वेगळं, फोन वेगळा, आणि ते स्कॅन केलेल्या कागदाच्या आतला मजकूरही वाचतं, मराठीसुद्धा. कागदाचं नाव आठवत नसलं तरी आतला एखादा शब्द आठवला तरी चालतं. मोठी एडिशन मोठ्या कंपन्यांची: वाटेल तेवढी माणसं, आणि प्रत्येक कागदाला वरच्याची मंजुरी.

“तुम्हाला मधली योग्य राहील,” ओमकार म्हणाला.

बघा. पहिल्या दिवशी, पहिल्या चहाच्या आत, उत्तर टेबलावर होतं. पण आमच्या ह्यांना मधलं काही चालतच नाही. मासे घेतील तर महागातली इसवण, नाहीतर स्वस्तातले तारले. पंखा घेतला तर शेडभर वारा घालणारा, नाहीतर हातातला. मधलं म्हणजे धड ना इकडचं धड ना तिकडचं, असा ह्यांचा सिद्धांत.

“मोठीच घेवया,” हे म्हणाले. “घेवचा तर मालकासारख्या घेवचा.”

ओमकारने सुदैवाने आधी फुकट वापरून बघा म्हटलं. सेलेस्तीन आणि तन्वी कामाला लागल्या. तन्वी आमच्याकडे हिशेब बघते, दोन मुलांची आई, हाताला झपाटा. एकीने कागद काढून द्यायचा, दुसरीने स्कॅन करायचा. कपाटं रिकामी होऊ लागली तशी सेलेस्तीन प्रत्येक कागदाची हकीकत सांगू लागली, आणि हकीकत ऐकायला शेडमधल्या बायका दारात. मी ओरडून ओरडून थकले, मग मीही ऐकत बसले.

मोठ्या एडिशनमध्ये मंजुरीच्या तीन पायऱ्या. तपासणारा, मंजूर करणारा आणि शेवटची मंजुरी देणारा. ह्यांनी तिन्ही जागी स्वतःचं नाव घातलं. का, तर मालक कोण? आणि मग स्वारी काजू बी खरेदी करायला दोन दिवस वैभववाडीला गेली. तिथे घाटाखालच्या वाड्यांमध्ये फोनला रेंज नाही. इथे ऑफिसात एकेक कागद मंजुरीच्या रांगेत उभा राहू लागला. पुण्याच्या व्यापाऱ्याला अहवालाची प्रत हवी, रांगेत. बँकेला पत्र हवं, रांगेत. चहाची साखर संपली, तिचं बिलसुद्धा मालकाची वाट बघत बसलं. त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला, आणि मी ह्यांच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे परत आले, फोन उघडला, आणि त्यात मंजुऱ्यांची ही माळ. एक कागद तीन तीन वेळा मंजूर करता करता अंगठा दुखला तेव्हा कबूल झाले.

“नाकापेक्षा मोती जड झाला,” मी म्हटलं.

“झाला,” हे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन, मला न विचारता, लहान एडिशन विकत घेऊन आले. तीही सेलेस्तीनच्या नावावर. तिच्याच फोनशी जोडून.

आता ह्यावर चिडू की रडू मला कळेना. बाई जाणार म्हणून सगळा खटाटोप, आणि हा माणूस सगळं तिच्याच नावावर करून आला. मी विचारलं, असं का? तर आमचे हे अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हणतात, “कागद म्हणजे सेलेस्तीन. तेच्यार दुसऱ्याचा नाव कसा घालू? बरा दिसात?” मनापासून म्हणाले. सेलेस्तीनला तर भरून आलं. आणि मीही, मेली, गप्प बसले. ह्यांच्या चुका अशा असतात की माणसाला त्यांना रागे भरता येत नाही.

पासवर्ड एक. आमच्याकडे घराची किल्ली वाशावर ठेवतात आणि अख्ख्या वाडीला ती कुठे आहे ते ठाऊक असतं. तसाच तो पासवर्ड सेलेस्तीनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. तन्वी सेलेस्तीनच्या नावाने आत जायची, हेही सेलेस्तीनच्या नावाने, मी एकदा गेले तर मीही सेलेस्तीन. कधीमधी सॉफ्टवेअरला संशय यायचा आणि ते तिच्या फोनवर एक नंबर पाठवायचं, तो भरल्याशिवाय उघडायचं नाही. मग तन्वी ह्या खोलीतून विचारायची, सेलेस्तीन त्या खोलीतून नंबर ओरडून सांगायची, की उघडलं. कागदांची नावंही तिने तिच्याच पद्धतीने दिलेली, ‘पुण्याचो रागीट’ वगैरे. कुठलं नाव ते तन्वीला आठवलं नाही तर तिला विचारायचं. सगळं कसं छान चाललं होतं. कागद गावतात म्हणून सेलेस्तीन खूश, ती खूश म्हणून आम्ही खूश. ती शेजारच्या खोलीतच बसलेली आहे म्हणून सगळं चाललंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाशावरची किल्ली घराशीच असते. फोन मात्र नवरीबरोबर जाणार होता.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. एका रविवारी मीही गेले. पाद्रींनी नावं वाचली तेव्हा मी आधी ह्यांच्याकडे बघितलं, कारण हरकत घेऊन उभा राहणारा माणूस त्या चर्चमध्ये असलाच तर तो हाच होता. पण हे बसून राहिले, रुमालाने घाम पुसत. सेलेस्तीन पुढच्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पन्नाशीच्या बाईला इतकं लाजलेलं बघून मला फार गोड वाटलं.

आमच्यात हळद तसा त्यांच्यात रोस. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला पाटावर बसवतात आणि एकेक जण येऊन नारळाचा घट्ट रस तिच्या अंगाला, केसांना चोळतो. मालवणात तिच्या भावाच्या घरी दुपारी मांडव गच्च भरला होता. माझ्याबरोबर शेडमधल्या निम्म्या बायका. भावाची बायको ग्लोरिया घागरीतून रस ओतत होती, म्हाताऱ्या बायका जुन्या ओव्या म्हणत होत्या, आणि आमच्या बायकांना शब्द येत नव्हते तरी त्या जोरात सूर धरत होत्या. सेलेस्तीन नखशिखांत पांढरी. मी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर रस चोळला आणि म्हटलं, आता तरी ओठांत गाणं ठेव, कागद नको. ती हसली, आणि तिचा फोन वाजला. पलीकडे तन्वी.

कारखान्यात कंप्युटर बसला होता. तन्वीने ह्यांचा लॅपटॉप घेतला, तर सॉफ्टवेअरला लॅपटॉप अनोळखी, नंबर नवरीच्या फोनवर. पुण्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक फाटकात उभा, तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय ड्रायव्हर माल भरू देईना. ग्लोरियाने फोन फडक्यात धरला, सेलेस्तीनने डोळ्यांवरचा रस निपटून नंबर वाचला. ओव्या पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा फोन. आत गेले, पण अहवाल कुठल्या नावाने ठेवलाय?

“‘पांढरो शर्ट’ घालून बघ,” सेलेस्तीन पाटावरून म्हणाली. “तो तपासणीवालो पांढरो शर्ट घालून येता मा, तेच्या नावान.”

घागर पुढे आली. पुन्हा फोन. ‘पांढरो शर्ट’मध्ये गेल्या वर्षीचे अहवाल आहेत, ह्या मालाचा नाही. सेलेस्तीनच्या तोंडावरचं हसू गेलं. ह्या मालाचा अहवाल तिने गेल्याच आठवड्यात घाईत ठेवला होता, लग्नाच्या गडबडीत, आणि काय नावाने ठेवला ते तिला आठवेना. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा. ती पाटावरून उठली. केसांतून रस ठिबकत होता.

“मी जावन येतंय,” ती म्हणाली.

“खंय जातस? अशी?” ग्लोरिया घाबरली.

“वैनी,” सेलेस्तीन माझ्याकडे वळली. आवाज अगदी हळू. “प्लासिदाक फोन कर. थोडे दिवस पुढे ढकलूया. हे कागद असे टाकून माका जावक येवचा नाय.”

आणि मला असा राग आला म्हणता. तिच्यावर नाही, लॅपटॉपवर, पांढऱ्या शर्टावर, आमच्या ह्यांच्या निष्पाप तोंडावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर, की घरात सगळ्यांवर ओरडणारी मी, जिथे ओरडायला हवं होतं तिथे गप्प बसले होते. मला प्लासिद दिसत होता. तिकडे आरोंद्याला तोही ह्याच घटकेला पाटावर बसला असणार, अंगभर रस घेऊन, आणि तिसऱ्यांदा ‘पुढे ढकलूया’ ऐकणार असणार. तो परत विचारणार नव्हता.

“बस,” मी म्हटलं.

“वैनी...”

“बस सांगतंय तुका. रस सुकता.”

ती बसली. माझ्यापुढे सगळेच बसतात. मी ओमकारला फोन लावला, स्पीकरवर.

“मधली एडिशन आत्ता मिळेल?”

“आत्ता म्हणजे?”

“आत्ता म्हणजे ही घागर संपायच्या आत.”

ओमकारला घागर कळली नाही, पण आवाज कळला. म्हणाला, मिळेल, आहेत ते कागद तसेच राहतील. मधली एडिशन एकेक कागद आतून वाचून काढेल, त्याला थोडा वेळ लागेल, मग अहवालाचं नाव आठवलं नाही तरी चालेल. मात्र सगळं सेलेस्तीनबाईंच्या नावावर आहे, मालकी बदलायची तर त्यांच्या फोनवर एकदा नंबर येईल आणि तो त्यांनाच सांगावा लागेल. पुढची मालकी कोणाकडे?

मी ह्यांनाही फोनवर जोडून घेतलं होतं. हे घसा खाकरून म्हणाले, “माझा...”

“वैनीचा,” सेलेस्तीन पाटावरून म्हणाली. एका शब्दात संपवलं.

नंबर आला. ग्लोरियाने फडक्यातला फोन तिच्यापुढे धरला. सेलेस्तीनने चष्मा मागितला, चष्म्यावर रस लागला, मी तो माझ्या पदराने पुसून दिला. तिने एकेक आकडा स्पष्ट वाचला, बिल वाचून दाखवावं तसा. मग ओमकार म्हणाला, झालं, आता पाच नावं सांगा. मी सांगितली: मालक, वैनी, तन्वी, शेडचा सुपरवायझर. चार झाली.

“पाचवं सेलेस्तीनबाईंचंच राहू द्यायचं का? जागा आहे.”

“रवांदे,” हे फोनवरून लगेच म्हणाले. “तिचा नाव रवांदे रे.”

सेलेस्तीनचा चेहरा त्या पांढऱ्या रसातूनही उजळलेला मला दिसला. आणि तो उजळलेला चेहरा बघूनच मला कळलं की काय करायला हवं. तिचं नाव तिथे राहिलं की आम्ही फोन करणार. आम्ही फोन केला की ती येणार. मग एक पाय आरोंद्यात आणि एक पाय आमच्या ऑफिसात, आणि प्लासिद पुन्हा दारात उभा. मला तर ते नाव राहायलाच हवं होतं. ह्यांच्यापेक्षा जास्त मला हवं होतं.

“काढ,” मी ओमकारला म्हटलं.

“वैनी?” सेलेस्तीन म्हणाली.

“काढ म्हणतंय. तुझा नाव पाद्रींनी वाचला ना, थंयच ता बरा दिसता.”

ओमकारने काढलं. सेलेस्तीनच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती म्हणाली रस डोळ्यांत गेला. माझ्याही डोळ्यांत गेला असणार, मी रसाच्या घागरीपासून बरीच लांब उभी होते तरी. एका म्हातारीने परिस्थिती ओळखली आणि ओवी सुरू केली.

मग वाट बघणं. ओव्या चालल्या होत्या, रस चालला होता, पण प्रत्येकीचा एक डोळा माझ्या हातातल्या फोनवर. सेलेस्तीन तर सरळ त्याच्याकडेच बघत होती. तिचा स्वतःचा फोन ग्लोरियाच्या फडक्यात मुकाट पडला होता. घागरीचा तळ दिसायला लागला तेव्हा माझा फोन वाजला. तन्वी.

“वैनी, गावलो. नुसता ‘ओलावा’ घातलंय, तेच्या आतलो शब्द, आणि इलो वर. ट्रक भरूक घेतलो.”

“काय नावान ठेवलेला?” सेलेस्तीनने विचारलं.

मी तन्वीला विचारलं. तन्वी हसायला लागली, तिला सांगता येईना. सेलेस्तीनने घाईत त्या अहवालाला नाव दिलं होतं ‘माझ्या लग्नाआधीचो’.

मांडव हसून हसून वाकला. सेलेस्तीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ग्लोरियाने उरलेली अख्खी घागर तिच्या डोक्यावर उपडी केली. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. प्लासिद चर्चच्या पायऱ्या उतरताना इतका हसत होता की फोटोवाल्याने त्याला दोनदा तोंड बंद करायला सांगितलं. हॉलमध्ये आमचे हे नाचले. मी तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ह्यांना नाचताना बघितलं, आणि पुन्हा बघायची माझी तयारी आहे.

पुढचा आठवडा कारखाना नीट चालला. कागद सापडत होते. तन्वी शब्द घालायची, कागद यायचा. मी दुपारी डबा घेऊन ऑफिसात जायचे आणि उघडल्यावर लक्षात यायचं की समोर कोणी नाही. कपाटं पुसून कोपऱ्यात लावली होती. मग मी डबा परत शेडमध्ये नेऊन बायकांबरोबर खायचे.

शनिवारी तिचा फोन आला. पाठीमागे प्लासिदच्या होडीचं इंजिन वाजत होतं. खाडीचं वर्णन झालं, प्लासिदने केलेल्या माशांच्या आमटीचं झालं. मला माहीत होतं, ती काय विचारणार.

“वैनी, कागद गावतत मा?”

“गावतत.”

“सगळे?”

“सगळे.”

“म्हणजे माझी काय गरज नाय.” ती हसत म्हणाली, पण हसणं पुरतं जमलं नाही.

मला खोटं बोलता येत नाही आणि गोडही बोलता येत नाही. जे होतं ते सांगितलं.

“कागदांक नाय. माका आसा. उद्या जेवक ये, तुझ्या घोवाक घेवन.”

मग तिने फोन बाजूला न घेताच प्लासिदला हाक मारली आणि उद्या होडी बाहेर न काढता बांधून ठेवायला सांगितलं, वैनीकडे जेवायला जायचं म्हणून.